दफ्तरी मराठी आणि रत्नागिरी

रत्नागिरीच्या दक्षिणेस राजापूर हे जुने बंदर आहे. सतराव्या शतकात तेथे इंग्रजांची वखार होती, परमुलखातली गलबते येत होती, आणि व्यापार म्हटला की त्यामागून येणारी जी कारकुनी तीही मोठी होती. चिटणीस घराण्याच्या परंपरेत अशी कथा सांगतात की, जंजिऱ्याच्या सिद्दीने आवजी हरी ह्या आपल्या कामदाराचा घात करून त्याची बायको व मुले गुलाम म्हणून विकावयास पाठविली. त्या माउलीने खलाशांची मनधरणी करून गलबत राजापुरास आणविले. तेथे तिचा भाऊ होता. त्याने पैसे भरून बहिणीला व भाच्यांना सोडविले. ह्या भाच्यांतला एक बाळाजी. तो राजापुरात लेखणीवर पोट भरू लागला, आणि पुढे त्याने शिवछत्रपतींना एक विनंतीपत्र लिहिले. पत्रातले वळणदार अक्षर आणि मुद्देसूद मांडणी पाहून महाराजांनी त्याला आपल्या पदरी घेतले. हेच ते बाळाजी आवजी चिटणीस.

त्यांच्याविषयीची दुसरी कथा याहून प्रसिद्ध आहे. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहावयास सांगितले होते. कामाच्या गर्दीत ते राहून गेले. रात्री महाराजांनी मसुदा वाचून दाखविण्यास सांगताच बाळाजींनी कोरा कागद हाती धरला आणि जणू काही समोर लिहिलेलेच आहे अशा रीतीने ते पत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखविले. जवळ उभ्या असलेल्या मशालजीला हसू आवरले नाही, म्हणून गुपित फुटले. ह्या कथा जपल्या त्या चिटणीसांच्याच घराने. तेव्हा त्यांत घराण्याच्या अभिमानाचा अंश असणारच. परंतु कथा खरी असो वा रचलेली असो, उत्तम कारकून कशाला म्हणावे ह्याविषयी त्या काळची जी कल्पना होती ती तीत स्वच्छ दिसते. धन्याचे मनोगत कागदावर उतरण्यापूर्वीच ज्याच्या डोक्यात सलग व नेमके बसलेले असते, तो चिटणीस. अक्षराचे सौंदर्य ही त्यानंतरची गोष्ट. ह्याच बाळाजींना १६८१ साली संभाजीमहाराजांच्या रोषास बळी पडून प्राण गमवावे लागले, आणि पुढे चिटणिशी त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ ह्यांच्याकडे आली. दफ्तरात बसणाऱ्याचे आयुष्य नेहमीच निवांत असते असे नाही.

आपल्याकडे कारकुनी ही शिकविण्याची विद्या आहे ही समजूत फार जुनी. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री ह्याच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकात हिशेब कसा ठेवावा, कोणास कोणता मायना लिहावा, कारकुनाने कसे वागावे ह्याचे नियम आहेत. मोडी लिपीही हेमाद्रीनेच आणली असे सांगत, पण पंडितांना ते मान्य नाही. बाळाजी आवजींच्या नावावर लेखनप्रशस्ती नावाचा असाच ग्रंथ सांगतात. वडिलांना अमुक, बरोबरीच्याला तमुक, शत्रूला निराळे, आश्रिताला निराळे, अशी मायन्यांची उतरंड पाठ झाल्याखेरीज उमेदवाराच्या हाती सरकारी कागद देत नसत. ‘राजश्रियाविराजित राजमान्य राजश्री’ येथून आरंभ करून ‘बहुत काय लिहिणे’ येथे पत्र संपवावयाचे, हा सांचा एकदा अंगवळणी पडला म्हणजे लिहिणाराला विचार करावयाचा तो मधल्या मजकुरापुरताच. आजच्या वाचकाला हे मायने पाल्हाळ वाटतात. परंतु त्यांचा एक उपयोग होता: पत्र कोणी कोणाला लिहिले आणि दोघांचे नाते काय, हे पहिल्या दोन ओळींतच कळे.

आता ही विद्या ज्या लिपीत चाले तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मोडी लिहिणारा प्रथम कागदावर आडव्या रेघा ओढून घेई आणि त्या रेघांखाली बोरूने अक्षरे लटकावीत जाई. हात शक्य तितका उचलावयाचा नाही. एका अक्षराची शेपटी वळवून तिच्यातूनच पुढच्या अक्षराचे डोके काढावयाचे. ह्यामुळे गती विलक्षण येई. चिटणिशी, महादेवपंती, रानडी अशी हस्ताक्षरांची वळणे नावारूपास आली आणि वळणावरून घराणे ओळखण्यापर्यंत जाणकारांची मजल गेली. परंतु गतीसाठी किंमतही द्यावी लागली. ह्रस्व व दीर्घ हा भेद मोडीने बहुतेक टाकलाच. इकार एकच, उकार एकच. दोन शब्दांत जागा सोडण्याची रीत नाही. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. शब्द कोठे तोडावा आणि वाक्य कोठे संपले हे वाचणाराने आपल्या अनुभवाने ठरवावयाचे.

दोन्ही बाजूंना मुरलेले कारकून असले म्हणजे ह्यात अडचण येत नसे. पण एखाद्या सावकारी कागदात ‘रुपये दिले नाहीत बाकी’ एवढे चार शब्द एका रेघेखाली चिकटून बसले आहेत अशी कल्पना करावी. ‘रुपये दिले, नाहीत बाकी’ असे वाचले तर ऋणको मोकळा. ‘रुपये दिले नाहीत, बाकी’ असे वाचले तर त्याच्या गळ्याला फास. जुन्या लोकांना हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. म्हणून तर रकमेचा आकडा घातल्यावर ते ती अक्षरी लिहीत, आणि पुष्कळदा तिची निम्मेही लिहून ठेवीत, की मागाहून कोणी एक शून्य वाढविले तर निम्म्याशी मेळ बसू नये. आकड्यांचा असा बंदोबस्त त्यांनी केला, पण वाक्यांचा मात्र केला नाही.

लिपीचा प्रश्न असा, तर शब्दांचा दुसरा. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रघुनाथ नारायण हणमंते ह्यांच्या देखरेखीखाली राजव्यवहारकोश तयार झाला. दरबारात रूढ असलेल्या चौदाशेच्या आसपास फारसी-दख्खनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. दहा वर्गांपैकी एक वर्ग लेखनाचा आहे. म्हणजे राज्य चालविण्यात किल्ले आणि शस्त्रे ह्यांच्या पंक्तीला लेखणीही बसविली होती. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, डबिराचा सुमंत झाला. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी पुढे जुनी पत्रे घेऊन त्यांतले शब्द मोजून पाहिले. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४.४, १६७७ च्या पत्रात ६२.७ आणि १७२८ च्या पत्रात ९३.७, असा त्यांचा हिशेब आहे. मोजलेली पत्रे थोडी, त्यामुळे हे आकडे सबंध दफ्तराला लावणे धाडसाचे होईल. तरी वाऱ्याची दिशा त्यांवरून समजते. गंमत अशी की पेशवा हा फारसी शब्द मात्र कोणत्याही कोशाला हटला नाही. संस्कृत ‘प्रधान’ शिक्क्यांत राहिला आणि पेशवा लोकांच्या तोंडी राहिला.

१८१८ साली पेशवाई गेली. दक्षिण कोकणचा कारभार इंग्रजांनी आरंभी बाणकोटाहून पाहिला, आणि १८२२ साली कलेक्टराचे ठाणे रत्नागिरीस आले. ह्यानंतर एकाच कचेरीत दोन भाषांचे दोन मजले झाले. वरच्या मजल्यावर साहेबाची इंग्रजी. खालच्या मजल्यावर मामलेदार, शिरस्तेदार व कुळकर्णी ह्यांची मोडी मराठी. वरचा हुकूम खाली उतरताना आणि खालची कैफियत वर चढताना तिचे भाषांतर व्हावे लागे, आणि भाषांतर करू लागताच मोडीतले वाक्य किती सैल आहे हे प्रथमच उघडे पडले. इंग्रजी वाक्याला शेवट असतो. दफ्तरी मराठी वाक्य ‘असून’, ‘करून’, ‘सबब’, ‘तरी’ ह्या सांध्यांवरून घसरत पानाच्या तळाशी जाई.

ह्या कामात ज्यांनी पहिली मेहनत केली त्यांत ह्याच मुलखातला एक तरुण होता. बाळशास्त्री जांभेकरांचा जन्म १८१२ साली पोंभुर्ले येथे झाला. तो गाव तेव्हा रत्नागिरीच्या मुलखात मोडे. १९८१ पासून तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी दर्पण काढले, तेव्हा पानाच्या एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी असा मजकूर छापला. दोन रकाने समोरासमोर आले की मराठी वाक्याला लपावयास जागा राहत नाही. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण निघाले. आणि १८५० साली मेजर थॉमस कँडी ह्यांनी विरामचिन्हांची परिभाषा प्रसिद्ध केली. आज शाळेतले मूल सहज टिंब देते ते टिंब, तो स्वल्पविराम, ते प्रश्नचिन्ह मराठीत रुजले ते ह्या इंग्रज गृहस्थाच्या खटपटीने. पुढे दंडसंग्रहाचे, म्हणजे फौजदारी कायद्याचे, मराठी भाषांतरही त्यांनी केले. त्यांच्या वाक्यांना भाषांतराचा वास येतो ही तक्रार त्या काळापासून आहे आणि ती खोटी नाही. पण ज्या कायद्याने माणसाला तुरुंगात जावे लागते, त्यात वाक्य कोठे संपते हे कळणे हा लहान लाभ नव्हे. रत्नागिरीच्या मराठी शाळेत शिकविणारे गंगाधरपंत टिळक, म्हणजे लोकमान्यांचे वडील, ह्यांनीही व्याकरणावर पुस्तक लिहिले. त्या पिढीच्या पंतोजींना व्याकरण हा परीक्षेचा नव्हे, तर व्यवहाराचा विषय वाटे.

येथवर जे सांगितले ते लिहिणाऱ्याच्या बाजूने. ज्याच्याविषयी लिहिले जाई त्याची बाजू कोकणात फार निराळी होती. रत्नागिरी जिल्हा हा खोतीचा मुलूख. गावचा सारा खोताने वसूल करावयाचा आणि सरकारात भरावयाचा. कूळ आपल्या पिकाचा हिस्सा, कोठे अर्धेल, कोठे तिर्धेल, खोताच्या अंगणात आणून घाली. किती भात घातले, किती बाकी राहिली, जमीन कुळाच्या वहिवाटीची की खोताच्या खासगीची, हे सारे खोताच्या किंवा कुळकर्ण्याच्या मोडी कागदात. कुळाने त्याखाली अंगठा उठवावयाचा, किंवा नांगराची निशाणी करावयाची. कागद सुंदर असे, वळण पाहत राहावे असे असे, आणि ज्याच्या नांगराचे चित्र त्याखाली आहे त्याला त्यातले एक अक्षर लागत नसे. १८८० साली खोती कायदा झाला. कुळांचे व खोतांचे हक्क सरकारी पाहणीत नोंदले गेले. तोंडी वहिवाटीपेक्षा लेखी नोंद बरी, हे खरे. पण नोंद वाचता आली तर.

जोतीराव फुले ह्यांनी हे वर्म नेमके ओळखले होते. शेतकऱ्याचा असूड ह्या १८८३ च्या ग्रंथात लेखणीवाले अडाणी शेतकऱ्याला कसे नाडतात ते त्यांनी लिहिलेच. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, १८८२ साली, हंटर कमिशनापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत बालबोधाबरोबर मोडीचेही वाचन-लेखन आणि हिशेब शिकवावे असे मागितले. ह्या मागणीकडे सहसा लक्ष जात नाही. पोथी वाचावयास बालबोध पुरे. पण गहाणखत, कबुलायत आणि पावती मोडीत असते, आणि शेतकऱ्याचे घर बुडते ते पावतीत. खोतीविरुद्धचे विधेयक डॉक्टर आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले. त्यांचे मूळ गाव आंबडवे हे ह्याच जिल्ह्यातले. खोती कायद्याने रद्द झाली ती १९४९ साली.

ह्या दोन सालांच्या मागे-पुढे रत्नागिरीत भाषेविषयी जी चळवळ झाली तिची आठवण गावाला अजून आहे. जानेवारी १९२४ मध्ये विनायक दामोदर सावरकर ह्यांची तुरुंगातून अटींवर सुटका झाली. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही आणि राजकारणात पडावयाचे नाही, ह्या त्या अटी. १९३७ पर्यंत ते येथेच होते. राजकारणाचे दार बंद, म्हणून त्यांनी समाजसुधारणेचे आणि भाषेचे काम हाती घेतले. मराठी भाषेचे शुद्धीकरण ह्या नावाने त्यांचे लेख निघाले. आपल्या भाषेत शब्द असताना परका घेऊ नये, नवी वस्तू आली तर नवा शब्द घडवावा, असा त्यांचा आग्रह. राजव्यवहारकोशाचा दाखला अर्थातच त्यांच्या हाताशी होता.

तारखेला दिनांक, नंबराला क्रमांक, हजर ह्याला उपस्थित, मेयरला महापौर, हेडमास्तराला मुख्याध्यापक, पगाराला वेतन, ट्रस्टीला विश्वस्त, कोरमला गणसंख्या, असे किती तरी शब्द त्यांनी पुढे केले किंवा त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्यांतले बहुतेक कचेरीतले आहेत हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सगळे टिकले नाहीत. कायद्याला निर्बंध म्हणावे असे त्यांनी सुचविले. निर्बंध हा शब्द मराठीत राहिला, पण बंदीच्या अर्थाने, आणि कायदा आपल्या जागेवरून हलला नाही. फाऊंटन पेनाला झरणी हे नाव गोड होते, पेनच राहिले. अर्जंटला त्वर्य चालले नाही. मग टिकले कोणते? यादी डोळ्यांखालून घातली तर असे दिसते की, छापील नमुन्याच्या रकान्यावर जे बसले ते टिकले. दिनांक, क्रमांक, उपस्थित हे शब्द कोणी बोलून रूढ केले नाहीत. ते कागदाच्या माथ्यावर छापले गेले, आणि भरणाराला त्यापुढे आकडा घालणे भाग पडले. बोलताना त्याच मनुष्याच्या तोंडी तारीख आणि नंबरच राहिले.

ह्या चळवळीला विरोधही झाला, आणि तो सर्वस्वी अनाठायी नव्हता. जमीन, अर्ज, वसूल, हक्क, वारस, कायदा हे शब्द परभाषेतून आले खरे. पण तीनशे वर्षे शेतकऱ्याच्या घरात राहून ते घरचे झाले होते. कुळाला लिहिता येत नव्हते, तरी वसूल म्हणजे काय हे त्याला पुरते ठाऊक होते. त्याच्या कागदातून तेवढाच ओळखीचा शब्द काढून तेथे संस्कृत शब्द घातला तर कागद शुद्ध होईल. त्याला तो अधिक कळेल हे कशावरून? शुद्ध आणि सुबोध ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि भाषाशुद्धीच्या वादात पुष्कळदा त्या एकच धरल्या गेल्या. उलट बाजूचीही एक नवलाची गोष्ट सांगितली पाहिजे. माधव जूलियन हे आधी फारसीचे रसिक. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला. तेच पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले आणि १९३८ साली त्यांचा भाषाशुद्धि-विवेक प्रसिद्ध झाला. फारसी शब्दांची इतकी बारीक ओळख असलेला मनुष्य त्यांच्या विरुद्ध गेला, तेव्हा हा वाद केवळ अज्ञानाचा नव्हता. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९३१ साली शासनशब्दकल्पतरू काढला, त्यात मात्र वादापेक्षा काम अधिक होते.

सावरकरांनी लिपीकडेही पाहिले. इ, ई, उ, ऊ, ए ही निराळी अक्षरे न ठेवता अ ह्या अक्षरालाच काना-मात्रा लावाव्या, म्हणजे छापखान्याचे खिळे कमी होतील, अशी त्यांची सूचना. किर्लोस्करांच्या मासिकांनी ही अ-ची बाराखडी बरीच वर्षे छापली. वाचकांना ती समजली, पण सवयीची झाली नाही. नंतर ती मागे पडली.

लिपीच्या बाबतीत खरा निकाल यंत्राने लावला. छापखान्याला आणि टंकयंत्राला सुटी अक्षरे लागतात, आणि मोडीचा सारा जीव अक्षरे सुटी न ठेवण्यात. शाळांतून ती १९५० च्या सुमारास गेली, कचेरीतूनही त्याच वेळी उठली. कोणी फारसे रडले नाही. आता गोष्ट अशी झाली आहे की, ज्या कागदांपुढे अडाणी कूळ उभे राहत असे त्याच कागदांपुढे पदवीधर नातू उभा आहे आणि त्यालाही अक्षर लागत नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणारी माणसे हुडकावी लागली. पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग चालविते. जमिनीच्या वादापायीही लोक मोडी जाणणाराचे दार ठोठावतात.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ साली पदनाम कोश निघताच आचार्य अत्र्यांनी त्याला बदनाम कोश म्हणून हिणविले, आणि लोक पोट धरून हसले. त्याच वर्षी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले. १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, त्यामुळे कारकुनाचे काम थोडे हलके झाले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कारभाराची भाषा मराठी ठरली. पदनाम कोशातले जे शब्द त्या दिवशी हास्यास्पद वाटले, त्यांतले किती तरी आज दारावरच्या पाट्यांवर बिनतक्रार आहेत.

रत्नागिरीच्या तलाठ्याकडून आज सात-बाराचा उतारा घेतला तर तो संगणकावर छापलेला, सुट्या बालबोध अक्षरांत मिळतो. त्यावर ‘पोटखराब’ असते. त्यातला खराब हा शब्द जुन्या दफ्तरातला. कुळाच्या नावासाठी रकाना असतो. कूळ हा शब्द खोतीच्या काळातला. आणि ‘फेरफार क्रमांक’ असतो. त्यातला फेरफार कुळकर्ण्याच्या तोंडचा, आणि क्रमांक त्या शुद्धीच्या यादीतला. शेतकरी मात्र खिडकीशी उभा राहून अजून फेरफाराचा नंबरच विचारतो, आणि कारकून त्याला क्रमांक वाचून दाखवितो.